रॉकेट चूल: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

घरात गॅस आहे. तरी कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात आंघोळीचं पाणी, भाकरी आणि रविवारचा तांबडा रस्सा अजून जळणावरच होतो. दिवाळीनंतर पडवीत रॉकेट चूल, म्हणजे उभ्या नळीत लाकडं जाळणारी लोखंडी चूल आली, आता पावसाळा लागलाय. जळण जुन्या चुलीच्या निम्म्याच्या आसपास लागतं आणि फुंकणी खुंटीलाच असते.

उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतली. आत १२ सेंमीची चौकोनी नळी, खाली आडवं तोंड, उभा भाग रुंदीच्या साधारण तिप्पट. ही मांडणी लॅरी विनिआर्स्की यांची, अमेरिकेतल्या अप्रोवेचो या संशोधन केंद्रात १९८२ च्या सुमारास आकाराला आलेली. तोंडात पत्र्याची फळी, वर लाकडं आणि फळीखालून वारा. ही खालची वाट राखेनं बुजली की चूल लगेच धुरकटते.

खरा जीव आहे तो भरावात. गावात सगळे सांगतात, मातीचं जाड लिंपण करा, उष्णता धरून ठेवेल. धरून ठेवतेच, पण आधणाची! जड माती आधी स्वतः तापत बसते. आम्ही नळी आणि बाहेरचा डबा यांच्यामध्ये भाताच्या तुसाची राख भरली. हलकी, पोकळ, आणि आजरा-चंदगडकडून सहज मिळते. नळी पटकन लालबुंद होते आणि धुरातला जळणारा भाग तिथंच जळून जातो. पातेल्याभोवती बोटभर फट ठेवून पत्र्याचं कडंही केलंय. पाणी तापवताना त्याचा फरक लगेच कळतो.

जळणाला तुरीच्या काट्या आणि अंगठ्याएवढ्या बाभळीच्या फांद्या उत्तम. फक्त टोकं आत ठेवायची आणि जळतील तशी सरकवायची. उसाचं पाचट नकोच, भुर्रकन पेटतं आणि राखेनं फळीखालची वाट बुजवतं. पावसाळ्याआधी काट्या माळ्यावर टाकलेल्या बऱ्या.

भाकरीला मात्र सवय मोडावी लागते. चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर भाकरी उभी करायची, तेवढे निखारे इथं पडत नाहीत. तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की दोन काट्या मागं ओढायच्या, तवा उतरवायचा आणि जाळी ठेवून भाकरी सरळ ज्वाळेवर धरायची. काट्या ओढल्या नाहीत तर भाकरीवर काजळीचे डाग पडतात. ओढल्या तर टम्म फुगते. रश्श्याला जाड बुडाचं पातेलंच हवं, कारण आच मधोमध लागते आणि मसाला तळाला धरतो.

धुरांडं नाही, त्यामुळं पेटवताना आणि विझवताना थोडा धूर होतोच. बंद स्वयंपाकघरात ही चूल मांडू नये. दुसरी उणीव लोखंडाची. भरावामुळं नळी इतकी तापते की साध्या पत्र्याचे पापुद्रे सुटतात; आमच्या नळीचा कोपरा आताच पातळ झालाय. नवीन करणाऱ्यांनी आतला भाग भट्टीच्या हलक्या विटांचा करावा, निदान नळी काढून बदलता येईल अशी ठेवावी.