जुना सायरन घेण्याआधी त्याच्या खिडक्या मोजा

माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आमचं घर भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. गिरणी बंद पडली, भोंगा गेला आणि मला जुन्या सायरनांचा नाद लागला. पंधरा वर्षांत कितीतरी गच्च्या आणि भंगाराची गोदामं पालथी घालून तीन मिळवले. त्यातला हाताने फिरवायचा एक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे.

७ मे २०२५ ला नागरी संरक्षणाचा देशभर सराव झाला आणि सायरनांची चर्चा घरोघर सुरू झाली. पुढच्याच महिन्यात एकाचा फोन आला. ‘युद्धकाळातला विजेवरचा सायरन आहे, घेता का?’ माणूस अदबीने बोलत होता. मीही मोकळेपणाने बोललो. वडील कुठल्या गिरणीत होते, भोंगा किती वाजता व्हायचा, सगळं सांगून बसलो. दोन दिवसांनी त्याने कळवलं की चौकशी केली, हा सायरन त्याच गिरणीतून उतरवलेला आहे. मला रात्रभर झोप आली नाही.

फोटो आले, वाजतानाचा व्हिडिओ आला. ८५ हजार ठरले. ‘मुंबईचं गिऱ्हाईक उद्या येतंय’ म्हणाला म्हणून ४० हजार त्याच दिवशी पाठवले, बाकीचे टेम्पोत माल चढवल्याचा फोटो आल्यावर. एकदा जाऊन बघून येऊ, हे सुचलं नाही असं नाही. पण तो दुसऱ्याच्या हाती जाईल, ही भीती मोठी ठरली.

आला तो हिरव्या रंगाचा डबा. मोटर वाइंडिंग करणाऱ्या आमच्या काकांनी झाकण काढलं आणि म्हणाले, ‘अहो, हा धूळ ओढायचा ब्लोअर आहे. पाती बघा.’ वरचं कवच तेवढं जुनं होतं, पाटी नवीन ठोकून घासलेली.

खऱ्या सायरनच्या आत पाती नव्हे, खिडक्या असलेलं चक्र असतं. बाहेरच्या स्थिर कड्यालाही तशाच खिडक्या. चक्र फिरताना खिडकीसमोर खिडकी आली की हवा सुटते, सरकली की अडते, त्या धक्क्यांचा सूर होतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २,९०० फेरे घेते. दहा खिडक्या असतील तर सेकंदाला ४८० च्या आसपास धक्के, बारा असतील तर ५८०. काही सायरनांना दोन टोकांना दोन चक्रं असतात, एकाला दहा खिडक्या, दुसऱ्याला बारा. त्यामुळेच तो अंगावर काटा आणणारा दुहेरी सूर निघतो. व्हिडिओत दुहेरी सूर होता आणि फोटोत खिडक्या एकाच टोकाला. दोन्ही गोष्टी माझ्या समोर होत्या. शिवाय जड चक्र वीज बंद केल्यावर बराच वेळ घरंगळत थांबतं, सूर हळूहळू उतरतो. व्हिडिओतला आवाज एकदम तुटला होता. म्हणून सुरू होण्यापासून पूर्ण थांबेपर्यंतचं, एकसलग, समोर उभं राहून ऐका. झाकण उघडायला लावा. नाही म्हणाला तर उठा.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते आईचं बोलणं. ‘अरे, बॉयलर गार असला की भोंगा व्हायचा नाही, हे तुझे बाबा किती वेळा सांगायचे.’ गिरणीचा भोंगा वाफेवरचा होता. मी विजेच्या सायरनला तो समजून पैसे मोजले. मोटरचा जोर किती, हे विचारलं आणि हे विसरलो.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्या माणसाचा नंबर बंद आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. तुम्ही असे पैसे पाठवले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा. मी लाजेपोटी चार दिवस घालवले.

परवा नागपूरच्या एका मित्राला एका नव्या नंबरवरून फोटो आला. तोच हिरवा डबा, पाटीचा तोच तुटका कोपरा. मित्राचे आजोबा तिथल्या ज्या गिरणीत होते, त्याच गिरणीतून उतरवलेला, असं सांगण्यात आलं. तो डबा आत्ता माझ्या पडवीत आहे.