किल्लीनं ओरखडा पडत नाही, म्हणून मी ८९९ रुपये दिले

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, निदान या बाईला तरी कळायला हवं होतं. घरी सगळ्यांनी तेच म्हटलं.

गेल्या भाऊबीजेला भावानं ओवाळणीत स्मार्टवॉच घातलं. अॅल्युमिनियमची बॉडी, काळीभोर चकचकीत काच. इतकी महाग वस्तू मनगटावर घालून भाजी चिरायची सवय नाही, त्यामुळे पहिला महिना मी त्या काचेला तळहातावरच्या फोडासारखी जपत होते. आणि नेमकी ही जपणूकच मला नडली.

डिसेंबरात म्हात्रे पुलाजवळच्या एका लॉन्सवर खरेदीचं प्रदर्शन लागलं होतं. लोणची, पर्सेस, नॉनस्टिक तवे, आणि एका कोपऱ्यात मोबाइल-घड्याळाच्या काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून लेप लावून देणारा हा स्टॉल. टेबलावर एक मोबाइल, शेजारी किल्ल्यांचा जुडगा आणि पाण्याची बाटली. पोरगा पंचविशीचा असेल. "काकू, नॅनो लिक्विड ग्लास. घ्या किल्ली, तुमच्या हातानं घासा." घासली. खरंच काही उठलं नाही. मग सुरी ओढायला दिली. तरी काही नाही. वरून पाणी ओतलं, तर अळवाच्या पानावरून ओघळावं तसे थेंब गोळा होऊन घसरले. मागे फलकावर ठळक अक्षरांत: ९ एच हार्डनेस.

इथे माझ्यातल्या बाईंनी घात केला. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोहस श्रेणी मी वर्गात फळ्यावर लिहून दिलेली आहे. एकवर शंखजिरं, सातवर क्वार्ट्झ, नऊवर कोरंडम, म्हणजे नीलम-माणकाचं कूळ, आणि दहावर हिरा. महागड्या घड्याळांना सफायर काच असते ती याच नवाची. त्यामुळे फलकावरचा नऊ पाहिल्यावर माझं डोकं थेट नीलमापर्यंत गेलं. त्या पोरानं मोहसचं नावही काढलं नव्हतं. ते सगळं मीच मनात भरलं.

त्यानं आधी 'बेस साफ करतो' म्हणून बिनलेबलच्या बाटलीतलं दुधाळ काहीतरी काचेवर घेतलं आणि फडक्यानं गोल गोल, चांगलं जोर लावून घासलं. मग दुसऱ्या बाटलीतले चार थेंब, दहा मिनिटं वाळवण, पुन्हा पुसणं. ८९९ रुपये, वर 'स्पेशल क्लीनर' फुकट. बिल मागितलं तर म्हणाला, "प्रदर्शनात बिल नसतं काकू, हे कार्ड हेच बिल." कार्डावर 'लाइफटाइम वॉरंटी' आणि एक मोबाइल नंबर. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. यूपीआयनं पैसे पाठवताना स्क्रीनवर कुठल्याशा भलत्याच माणसाचं नाव आलं, तेही मी पाहिलं आणि तरी पिन टाकला. मागे रांग होती, आणि रांगेत आपण चिकित्सा करणारी कटकटी बाई दिसू नये असं वाटतं. (पुण्यात राहून असं वाटावं, हेही आश्चर्यच.)

आठवड्याभरात काच तेलकट दिसू लागली. बोट लावलं की ठसा, आणि तो पुसला की पसरायचा. त्याचा फुकटचा क्लीनर मारून मी दिवसातून दोनदा पुसत होते, तसतशी ती आणखी धुरकट होत गेली. एका सकाळी वेताळ टेकडीवर उन्हात मनगट वळवलं, तर काचेवर बारीक बारीक गोल रेषांचं जाळं. पुढे सोसायटीच्या जिन्यात गिलाव्याला हात घासला आणि एक लांब ओरखडाही आला. कार्डावरचा नंबर बंद.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं काच दिव्याखाली तिरकी धरली आणि लगेच विचारलं, "ताई, याला पॉलिश कुणी केलं?" कारखान्यातून येतानाच या काचेवर तेल आणि बोटांचे ठसे न धरणारा अतिशय पातळ थर असतो. वापरानं तो हळूहळू झिजतोच, पण माझा त्या दुधाळ द्रावानं एका बैठकीत खरवडून निघाला होता. असं नुकसान वॉरंटीत बसत नाही. स्क्रीन बदलायचा आकडा घड्याळाच्या किमतीच्या निम्म्यावर जाणारा, तेव्हा मी तसंच घड्याळ घालून परत आले.

घरी आल्यावर जे आधी करायला हवं होतं ते केलं. माझा चार वर्षांपूर्वीचा जुना फोन काढला, त्याला कधी काही लावलेलं नाही. त्याच्यावर घराची किल्ली ओढली. ओरखडा नाही. स्वयंपाकघरातली सुरी ओढली. नाही. पितळी किल्ली मोहसवर चारच्याही खाली आणि सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास, तर फोन-घड्याळाची काच सहाच्या जवळपास. मऊ वस्तू कठीण वस्तूला ओरखडत नाही, हे तर मी मुलांकडून घोकून घेते. म्हणजे स्टॉलवरचा प्रयोग थेंबभरही नॅनो न लावता तसाच पार पडला असता. थेंब घसरण्याचंही तेच: नव्या फोनचा कारखान्यातला थर ते काम आपणहून करतो. मुळात या काचा वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून मजबूत केलेल्या असतात. लहान सोडियम आयन बाहेर पडून त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन शिरतात आणि पृष्ठभाग आतून दाबला जातो. तो पोरगा ही मेहनत स्वतःच्या नावावर विकत होता.

आणि ९ एच? ते पेन्सिलीचं माप आहे! रंगाचा किंवा लेपाचा थर किती टिकाऊ हे पाहायला ठरावीक कडकपणाची पेन्सिल ४५ अंशांत, ७५० ग्रॅम भार देऊन त्यावरून ढकलतात. चित्रकलेच्या पेटीत बी आणि एच असतात ना, त्यातलीच ही नववी एच. ग्रॅफाइट आणि मातीची कांडी. तिचा नीलमाशी काडीचा संबंध नाही. काचेला खरी भीती असते ती वाळूची, कारण त्यातला क्वार्ट्झ सातवर बसतो. गिलाव्याचा ओरखडा तिथूनच आला.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न विक्रेत्याचं नाव-पत्ता, आणि माझ्याकडे फक्त एक यूपीआय आयडी. प्रदर्शनवाल्यांनी 'आम्ही नुसती जागा देतो' म्हणून हात झटकले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला नंतर समजलं. तेव्हा माहीत असतं तर रांगेची पर्वा न करता तिथेच अडून बसले असते.

आता मी काय करते, तेही सांगते, कारण भावजयीनंही विचारलं. साधी प्लास्टिकची पारदर्शक फिल्म लावली आहे, ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन. ओरखडे तिला पडोत, काही महिन्यांनी बदलता येते. घड्याळ चार्जरवरून काढायचं, बंद करायचं, आणि चष्म्याच्या मऊ फडक्यानं पुसायचं. घाम किंवा कणीक चिकटली असेल तर फडकं साध्या पाण्यात किंचित ओलं करून. धूळ असेल तर आधी ती हलकेच झटकायची, नाहीतर आपणच सॅंडपेपर फिरवतो. काच पुसायचा निळा स्प्रे, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यातलं काही नाही. आमच्या सासूबाईंनी राखुंडी सुचवली होती. त्यांना मी हसून नाही म्हटलं, पण खरं तर पोरानं लावलेल्या द्रावापेक्षा ती फार वेगळी नव्हती.

फेब्रुवारीत सोसायटीच्या ग्रुपवर कोथरूडच्या एका प्रदर्शनाची जाहिरात आली. मी गेले. स्टॉल होता, पोरगा दुसरा, फलक तोच. शाळेच्या खनिजांच्या पेटीतला क्वार्ट्झचा खडा मी पर्समध्ये टाकून नेला होता. किल्ली पुढे केली तशी मी म्हटलं, "किल्ली राहू दे, यानं ओढून दाखव."

त्यानं खडा हातात घेतला, उलटापालटा केला आणि अगदी अदबीनं परत दिला. "नाही मॅडम, दगड नाही चालत. हे किल्लीनंच करायचं असतं."

मागच्या रांगेतल्या दोन बायका मोबाइल पर्समध्ये टाकून लोणच्यांकडे वळल्या.