फ्लॅटहेड ठेवावं की स्मॉल-ब्लॉक बसवावं?

१९४० च्या फोर्ड पिकअपचा हॉट रॉड (जुनी गाडी बदलून वेगवान केलेली) करायचा, तर पहिला वाद इंजिनाचा. मूळचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, म्हणून वरचं हेड चपटं) व्ही-८ म्हणजे २२१ घनइंच, ८५ अश्वशक्ती. आजच्या मानाने किरकोळच. त्यात एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, म्हणून ट्रॅफिकमध्ये अडकलात की तापमानाचा काटा चढलाच.

शेवरलेचं १९५५ सालचं स्मॉल-ब्लॉक, म्हणजे आटोपशीर आकाराचं व्ही-८, २६५ घनइंचांत १६२ अश्वशक्ती द्यायचं. मात्र त्याचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागच्या बाजूला, त्यामुळे बऱ्याचदा फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, खाच पाडावी लागते. आणि फोर्डमध्ये शेवरलेचं इंजिन म्हटलं की जुने फोर्डवाले तोंड वाकडं करतात, ते वेगळंच!

रोज चालवायची तर स्मॉल-ब्लॉकच. पण बॉनेट उघडल्यावर ती चपटी हेडं आणि मधोमध दोन कार्ब्युरेटर दिसले, की माझं मत डळमळतं.