पन्ना सफारी पॅकेज (३ रात्री): जंगलाला पाच स्टार, शेकोटीच्या गोष्टींना दोन

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही चौघं मध्य प्रदेशातल्या पन्नाला जाऊन आलो, मी, नवरा, आई आणि तेरा वर्षांचा लेक. नाशिकहून रेल्वेने सतना आणि तिथून गाडीने दोनेक तास. परत येताना खजुराहो केलं, ते पार्कच्या मडला गेटपासून जवळच आहे, पंचवीसेक किलोमीटर. ज्यांच्याकडून पॅकेज घेतलं त्यांचं नाव इथे देत नाहीये कारण बाकी सगळं त्यांनी मनापासून केलं आणि ज्या गोष्टीबद्दल तक्रार आहे ती मी त्यांना मेलवर कळवलीये. पण अशा "जंगल टॉक"वाल्या, म्हणजे रात्री शेकोटीभोवती जंगलाच्या गोष्टी सांगणाऱ्या, टूर आता सगळीकडेच असतात म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी चांगलं. सफारीची परमिटं त्यांनी आधीच काढून ठेवली होती, आमच्याकडून आधारचे फोटो वेळेत मागवले, गेटवर एक मिनिटही वाद नाही. जिप्सीत सहाच पर्यटक चालतात, आम्ही चौघं आणि त्यांचा नॅचरलिस्ट, त्यामुळे आईला ऐसपैस बसता आलं. पहाटे साडेपाचला ब्लँकेट आणि गरम पाण्याच्या पिशव्या जिप्सीत तयार, त्या पिशव्या नसत्या तर आईचं काही खरं नव्हतं, उघड्या गाडीत वारा असा लागतो की डोळ्यांतून पाणी येतं. जेवण साधं पण गरम, आणि आईचा उपवास होता त्या दिवशी न सांगता भगर करून आणली, याचे तर पूर्ण मार्क.

जंगल वेगळंच आहे, ताडोबा-पेंच बघितलेल्यांना तर जास्तच जाणवेल. सपाट पठारावरून गाडी चाललेली असते, साग, खैर, तेंदू, वाळकं पिवळं गवत, आणि एकदम समोर जमीन संपते. त्या खोल घळीला तिथे सेहा म्हणतात. हिनौता बाजूला धुंधुआ सेहा आहे, कड्याच्या कपारीत गिधाडांची घरटी, खडकावर चुन्यासारखे पांढरे ओघळ. आपण वर उभे आणि गिधाडं आपल्या खाली घिरट्या घालतायत. आई म्हणाली, आयुष्यात गिधाडाची पाठ पहिल्यांदा बघितली. मलाही तेव्हाच लक्षात आलं की आपण कायम त्याचं पोटच बघतो. केन नदीवर मगरी दिसल्या, दुसऱ्या सफारीला वाघीण दिसली, चितळांचे इशाऱ्याचे कॉल सुरू झाले आणि पाच मिनिटांत ती शांतपणे रस्ता ओलांडून गेली, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेक त्यानंतर तासभर एक शब्द बोलला नाही.

आता ज्यासाठी एवढं टाइप करतेय ते. पॅकेजमध्ये रात्री शेकोटीभोवती तासाभराचा टॉक होता, वेगळे पैसे घेऊन, प्रोजेक्टर वगैरे लावून. पहिला अर्धा तास अप्रतिम होता, खोटं कशाला बोलू. पन्ना १९८१ साली नॅशनल पार्क झालं, १९९४ ला टायगर रिझर्व्ह, आणि २००९ साली इथे एकही वाघ उरला नव्हता, शून्य. मग मार्च २००९ मध्ये बांधवगडहून आणि कान्हाहून वाघिणी आणल्या, नोव्हेंबरमध्ये पेंचहून नर आणला, त्याला टी-३ म्हणतात. टी-३ला सोडलं आणि तो दक्षिणेकडे चालायलाच लागला, आपल्या घराच्या दिशेने, महिनाभर, चारशेहून जास्त किलोमीटर. वनखात्याची माणसं हत्ती घेऊन मागे मागे. शेवटी नाताळच्या दिवशी त्याला बेशुद्ध करून परत आणलं. आणि एप्रिल २०१० मध्ये बांधवगडहून आणलेल्या टी-१ वाघिणीला चार बछडे झाले. तेव्हाचे फील्ड डायरेक्टर श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या माणसांनी जे केलं ते ऐकताना अंगावर काटा आला, खरंच. वत्सला हत्तिणीबद्दलही सांगितलं, शंभरीच्या पुढची मानत होते तिला, हिनौताच्या कॅम्पमध्ये असायची, जुलै २०२५ मध्ये गेली, टॉक देणाऱ्या नॅचरलिस्टचा आवाज तिथे जरा बदलला होता.

आणि मग पुढची स्लाइड. पिस्तुलाचं चित्र. "अब थोडा मसाला हो जाए."

विषय होता शेहला मसूद खून खटला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शेहला मसूद भोपाळच्या. स्वतःचा इव्हेंट मॅनेजमेंटचा व्यवसाय होता आणि त्या माहिती अधिकारात अर्ज टाकायच्या, सतत. मध्य प्रदेशातले वाघ कसे मरतायत, पन्नाचे वाघ संपेपर्यंत काय चाललं होतं, बांधवगडला मे २०१० मध्ये झुरझुराची वाघीण गाडीच्या धडकेने मेली, मागे लहान पिल्लं राहिली, त्यात कोणाच्या गाड्या होत्या, हे सगळं त्या विचारत होत्या. छतरपूर जिल्ह्यातल्या हिऱ्यांच्या खाणीच्या प्रकल्पावरही बोलत होत्या. १६ ऑगस्ट २०११ ला सकाळी भोपाळमध्ये कोहेफिजा भागात स्वतःच्या घरासमोर, गाडीत बसलेल्या असताना त्यांना गोळी घातली. त्या निघाल्या होत्या अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायला, बोट क्लबवर. त्याच दिवशी दिल्लीत अण्णांना अटक झाली होती.

तो दिवस मला चांगला आठवतो कारण आम्ही कॉलेजची मुलं तेव्हा टोप्या घालून रस्त्यावर होतो. राळेगणच्या माणसासाठी भोपाळमध्ये एक बाई घरातून निघाली आणि गल्लीबाहेरसुद्धा पोचली नाही, ही बातमी संध्याकाळी टीव्हीवर खाली पट्टीत फिरत होती आणि तेव्हा आम्ही सगळे म्हणालो की वाघांच्या फायलींमुळे मारलं, नाहीतर खाणवाल्यांनी. सुरुवातीला पोलिसांनी आत्महत्येची शक्यताही बोलून दाखवली होती. मग तपास सीबीआयकडे गेला आणि निघालं वेगळंच. भोपाळमधली एक इंटिरियर डिझायनर, तिचं एका राजकारण्यावर मन होतं, आणि शेहला त्याच्या जवळच्या आहेत या जळफळाटातून तिने सुपारी दिली, असं सीबीआयने मांडलं. तिची डायरी पुराव्यात आली. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या विशेष सीबीआय कोर्टाने तिच्यासह चौघांना जन्मठेप दिली, पाचवा माफीचा साक्षीदार झाला.

म्हणजे मत्सर हे कारण आहेच, ते मी नाकारत नाहीये. कोर्टाने निकाल दिलाय. पण शेकोटीभोवती ते कसं सांगितलं गेलं तर कोण कोणाबरोबर होती, कोण जास्त सुंदर होती, डायरीत काय काय लिहिलं होतं, मध्ये मध्ये आवाज बारीक करून, आणि शेवटी "मॅडम, वाघ-वाघ कुछ नहीं था, सब इश्क का चक्कर था." लोक हसले. पंधरा-वीस मिनिटांत त्या बाईने टाकलेल्या एकाही अर्जाचा उल्लेख नाही. झुरझुराचं नाव नाही. ज्या पन्नाच्या शून्याबद्दल हाच माणूस अर्ध्या तासापूर्वी गहिवरून बोलत होता, त्या शून्याबद्दल जाब विचारणाऱ्यांमध्ये ही बाई होती हे त्याला जोडताच आलं नाही, की जोडायचंच नव्हतं.

आई माझी साधी आहे, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, कधी कोणाला उलट बोलत नाही. तिने शालीतून हात बाहेर काढला आणि मराठीतच म्हणाली, "अरे बाळा, गेलेल्या बाईबद्दल असं बोलू नये, तिला आई असेल." त्याला मराठी कळलं की नाही माहीत नाही पण तो थांबला. मग नवऱ्याने हिंदीत नीट सांगितलं. तो ओशाळला, म्हणाला लोकांना आवडतं म्हणून ठेवलंय, प्रत्येक ग्रुप हा भाग मागतो. ते खरंही असेल. मुलगा वाईट नाहीये, पक्ष्यांची त्याची जाण जबरदस्त आहे, नुसत्या आवाजावरून सात-आठ पक्षी ओळखले त्याने दुसऱ्या दिवशी.

मला त्रास कशाचा झाला ते सांगते. खून करणाऱ्याचं कारण आणि मेलेल्या माणसाचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणीतरी तिच्यावर जळत होतं म्हणून ती मेली, पण ती जगली ते काही त्यासाठी नाही. मत्सराने मारलं म्हटल्यावर लोकांना वाटतं प्रकरण मिटलं, बाईचं लफडं होतं, संपलं, आणि तिने विचारलेले प्रश्न पण तिच्याबरोबर खोटे ठरले. ते कसे काय खोटे ठरतील? वाघीण मेली होती ना? वाघ शून्य झाले होते ना? तेरा वर्षांचं पोर समोर बसून ऐकतंय आणि रूमवर आल्यावर मला विचारतंय की आई, ती बाई वाघांसाठी काम करायची का खोटंच होतं ते, तर याचं उत्तर मला रात्री साडेदहाला मोबाइलवर जुन्या बातम्या काढून द्यावं लागलं. त्याने झुरझुराच्या वाघिणीची बातमी दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी गेटवर जो वनखात्याचा स्थानिक गाइड मिळाला तो कमी बोलणारा होता. केनच्या काठावर गाडी थांबवून त्याने हाताने दाखवलं की वरच्या बाजूला दौधनला धरण होणार आहे, केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाचं, डिसेंबर २०२४ मध्ये भूमिपूजन झालं, पार्कचा बराच भाग पाण्याखाली जाणार. नॅशनल पार्कमधलं जंगल बुडतंय म्हणजे कोणीतरी कागद मागवत असणार, अर्ज करत असणार, आणि अशा माणसांची पन्नाला आजही गरज आहे, हे मला त्या नदीकाठी फार जाणवलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. पार्क पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असतं, बुधवारी दुपारची सफारी नसते, तसं प्लॅन करा. किमान तीन सफारी घ्या आणि त्यातली एक हिनौता गेटने घ्याच, गिधाडांसाठी. त्याच बाजूला मझगवांची हिऱ्याची खाण आहे. इतिहासाची आवड असेल तर छत्रसालांचं पन्ना आहे हे, १७२९ मध्ये बाजीराव ज्यांच्या मदतीला धावून गेले ते छत्रसाल, गावातल्या लोकांना आपण महाराष्ट्रातून आलोय कळलं की हा विषय तेच काढतात. थंडीत जाणार असाल तर कानटोपी, हातमोजे, आणि वयस्कर माणसांसाठी पाठीला उशी.

रेटिंग: सफारी पाच, जेवण पाच, राहणं चार, शेकोटीचा टॉक दोन, तेही टी-३ आणि वत्सलामुळे. मेलला त्यांचं उत्तर आलंय, ती स्लाइड काढतो म्हणालेत. मी त्यांना लिहिलं की काढू नका, शेहला मसूदचं नाव राहू द्या, पिस्तूल काढा आणि तिथे झुरझुराच्या वाघिणीचा फोटो लावा. यावर अजून काही कळवलं नाहीये, कळवलं की इथे खाली लिहीन.