कोपराने दाबायचा हँडरब स्टँड: आयसीयूतल्या सिस्टरचं मत

हँडरबची, म्हणजे हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाची, बाटली हातात आली की मी आधी लेबल वाचते. इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरॉल १.४५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेलं सूत्र हेच. त्यातलं पेरॉक्साइड हातांसाठी नसतंच, द्रावणात चुकून आलेले जंतूंचे बीजाणू (त्यांची टणक कवचातली सुप्त रूपं) मारायला असतं. वास आणि रंग घातलेला नाही, याचे माझ्याकडून जास्तीचे गुण. ड्युटीभर हात चोळणाऱ्याला गुलाबाचा वास नकोसा होतो.

ग्लिसरॉलमुळे कातडी फुटत नाही, पण बोटांना किंचित चिकटपणा राहतो. हात पूर्ण वाळायच्या आत ग्लोव्ह्ज चढवायला गेलं की ते अडकतात. घाई असलेल्यांना याचा राग येतो. मला वाटतं बरंच आहे, वाळेपर्यंत थांबावं तरी लागतं. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं असं सगळं चोळायला वीस ते तीस सेकंद लागतातच.

खरी तक्रार स्टँडबद्दल आहे. एका दाबाला जेमतेम चमचाभराच्या आत द्रव येतो आणि अंगठ्यापर्यंत पोचायच्या आत उडून जातो. दोनदा दाबावं लागतं, आणि हे कंपनीने कुठेही लिहिलेलं नाही. तरी सेन्सरवाल्या डब्यापेक्षा हा लाखपट बरा. सेन्सरची बॅटरी नेमकी रात्रपाळीत संपते आणि खाली थेंब गळून फरशी निसरडी होते ती वेगळीच.

सगळ्यात मोठा गुण म्हणजे हा स्टँड खाटेच्या दांडीला अडकवता येतो. दारापाशी भिंतीवर ठोकलेली बाटली आत येताना एकदा वापरली जाते, मग संपलं. हात स्वच्छ करायचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलेत. त्यातला पाचवा, म्हणजे पेशंटला हात न लावता नुसतं त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यानंतरचा, सगळेच विसरतात. इन्फ्युजन पंपाचं (शिरेतून औषध ठरावीक वेगाने सोडणाऱ्या यंत्राचं) बटण दाबायचं आणि तसंच पुढच्या खाटेकडे. राउंडला येणारे मोठे डॉक्टर तर यात पहिले! बाटली कोपरालाच लागली की निदान लाज वाटते.

दोन गोष्टी घेणाऱ्याला सांगून ठेवते. क्लॉस्ट्रिडिऑइड्स (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम) डिफिसिल या जंतूच्या जुलाबाचा पेशंट असेल तर ग्लोव्ह्ज घाला आणि काढल्यावर साबण-पाण्यानेच हात धुवा, त्याच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. हातावर रक्त किंवा घाण दिसत असेल तरीही साबणच. आणि बाटली संपत आली की वरून ओतून भरायची नाही. स्टोअरवाले काटकसर म्हणून मोठा कॅन घेऊन येतात, त्यांना सरळ परत पाठवा. सीलबंद नवी बाटली लावा, लावल्याची तारीख पेनने लिहा.

पाचपैकी चार. एक गुण त्या कंजूष पंपाचा कापला.