ईआरपी ऑफिसात, विक्री क्लाउडवर आणि मधे स्पेसिफिकेशनचं सिंक: शिरोलीतल्या फाउंड्रीतला वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आणि तिला जोडून मशीनशॉप आहे. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (ज्यात ग्राफाइट गोल कणांत असतं ते ओतीव लोखंड), दोन्ही ओततो. पंपाच्या बॉडी, गिअरबॉक्सची हाउसिंग, ब्रॅकेट असा माल असतो. ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, ऑफिसातल्याच सर्व्हरवर, एसक्यूएल सर्व्हर २०१६ या डेटाबेसच्या एक्सप्रेस आवृत्तीवर चालतं. गेल्या दिवाळीनंतर कोटेशन, ग्राहकांच्या तक्रारी आणि लॅबमधल्या टॅबवरची तपासणी यासाठी क्लाउडवरची सिस्टीम घेतली. दोन्हीकडे पार्टचं स्पेसिफिकेशन एकच राहावं म्हणून मधे सिंकचं, म्हणजे दोन्हीकडची माहिती आपोआप जुळवणारं, टूल बसवलं. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी कुठलंही टूल घेतलं तरी समोर येणारच आहेत.

मत आधीच सांगतो: घ्यावं. आमच्याकडे ते टिकलंय आणि आता त्याशिवाय काम करायची कोणाची तयारी नाही. पण टूल निवडण्याआधी कुठल्या रकान्याचा मालक कोण, हे कागदावर ठरलं पाहिजे. ते ठरलं नसेल तर सिंक म्हणजे चूक एका जागेवरून दुसऱ्या जागेवर वेगाने पोचवायची सोय.

आधीची परिस्थिती सगळ्या फाउंड्रीवाल्यांना माहीत आहे. केमिस्ट्रीच्या (धातूतल्या कार्बन, सल्फर अशा घटकांच्या) मर्यादा ईआरपीत, विक्रीवाल्यांची एक्सेल वेगळी, आणि क्वालिटीच्या कपाटात ड्रॉइंगची फाइल तिसरीच. ग्राहकाने ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती, सी ची डी केली की तिन्ही ठिकाणी कोणीतरी हाताने बदल करायचा. एक जागा राहून जायचीच. ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे द्यायचं ३.१ तपासणी सर्टिफिकेट जुन्या मर्यादेवर निघालं आणि ग्राहकाच्या इनवर्डला, म्हणजे माल आत घेताना, माल अडला, की मग सगळे धावायचे.

टूल विकायला आलेल्यांनी ‘टू-वे सिंक’ हा मोठा गुण म्हणून सांगितला. दोन्हीकडे बदल करा, जो शेवटचा तो टिकेल. ग्राहकाच्या फोन नंबरला हे चालतं, कार्बनच्या मर्यादेला अजिबात नाही. विक्रीतल्या कोणी कोटेशनसाठी पार्ट उघडून सहज काही बदलून ठेवलं तर तो बदल भट्टीपर्यंत पोचणार! आम्ही स्पेसिफिकेशनच्या सगळ्या रकान्यांवर दुहेरी वाहतूक बंद केली. केमिस्ट्री, हार्डनेस, टेन्साइल (ओढ सहन करायची ताकद) यांची मालकी क्वालिटीकडे. ते ईआरपीत बदलणार आणि क्लाउडवर फक्त दिसणार. ग्राहकाचं पार्टनाव, पॅकिंग, भाव यांची मालकी विक्रीकडे. ते क्लाउडवर बदलणार आणि ईआरपीत उतरणार.

खरा वाद झाला तो ड्रॉइंगच्या रिव्हिजनवरून. विक्रीचं म्हणणं, मेल आम्हाला आधी येतो, म्हणजे रिव्हिजन आम्हीच टाकणार. क्वालिटीचं म्हणणं, आम्ही तपासून मान्य करेपर्यंत ती रिव्हिजनच नाही. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी एका रकान्याचे दोन केले: ‘आलेली रिव्हिजन’ विक्रीची, ‘लागू रिव्हिजन’ क्वालिटीची. दोन्ही जुळत नसतील तर क्लाउडवर त्या पार्टचं कोटेशन पिवळं दिसतं. एवढ्या एका बदलाने जेवढी भांडणं मिटली तेवढी बाकी सगळ्या टूलने मिटवली नसतील.

आता दशांशाची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एसजी ५००/७ या ग्रेडच्या एका पार्टला शिल्लक मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५० टक्के हवं आहे. कमी पडलं तर ग्राफाइट नीट गोल होत नाही आणि लांबण (तुटण्याआधी धातू किती ताणला जातो ते) घसरते. जास्त झालं तर कार्बाइडचा (ठिसूळ कणांचा) आणि श्रिंकेजचा (आकसून आत पडणाऱ्या पोकळ्यांचा) त्रास. सिंक सुरू झाल्यावर लॅबमधून फोन आला, “सर, हे बघा की, हीट ०.०३८ आलीय आणि टॅबवर लाल दाखवतंय.” हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणारा रस. त्यातले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोचं रीडिंग बरोबर होतं, ईआरपीतली मर्यादाही बरोबर होती. क्लाउडवर मात्र खालची मर्यादा ०.०४ झाली होती. तिथे आकड्याच्या रकान्याला मुळातच दोनच दशांश स्थळं दिलेली. तिसरं आलं की तो जवळचा आकडा धरतो. कुठे एरर नाही, लॉगमध्ये ‘यशस्वी’.

हे लाल दिसलं म्हणून कळलं तरी. त्याच पार्टला सल्फरची कमाल मर्यादा ०.०१५ आहे, ती झाली होती ०.०२. म्हणजे सैल. सल्फर मॅग्नेशियम खातो, त्यामुळे हा आकडा सैल होणं जास्त धोक्याचं. पण टॅबवर सगळं हिरवं. कडक झालेली मर्यादा लगेच बोंब मारते, सैल झालेली गप्प बसते, म्हणून लाल दिसलेलं तेवढंच तपासून थांबू नका. आम्ही केमिस्ट्रीचे सगळे रकाने चार दशांशांवर नेले आणि एक वेगळी छोटी तपासणी लावली: रोज रात्री दोन्हीकडचे आकडे पुन्हा वाचून शेजारी-शेजारी ताडायचे. सिंकच्या ‘यशस्वी’ या शेऱ्यावर तेव्हापासून आमचा भरवसा नाही, या ताडणीवर आहे.

रिकाम्या जागेचंही असंच. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे आयएस २१० या भारतीय मानकातल्या एफजी २६० सारख्या ग्रेडमध्ये, बहुतेक ग्राहक ताकद आणि हार्डनेस मागतात आणि केमिस्ट्री फाउंड्रीवर सोडतात. मग तांब्याची कमाल मर्यादा रिकामी असते. रिकामं म्हणजे ‘मर्यादा नाही’. पलीकडे जाताना त्याचा शून्य झाला, की शून्याच्या वर तांबं असलेली प्रत्येक हीट नापास. मॅपिंग, म्हणजे इकडचा कुठला रकाना तिकडे कुठे जाणार ते, लिहून घेताना रिकाम्याचं काय होणार, हा प्रश्न प्रत्येक रकान्यासाठी वेगळा विचारा.

ग्रेडच्या बाबतीत विक्रीच्या सिस्टीममध्ये ‘समतुल्य ग्रेड’ नावाची यादी होती. त्यात एसजी ५००/७ आणि अमेरिकन एएसटीएम ए ५३६ मधली ६५-४५-१२ एकाच ओळीत. कोटेशनच्या अंदाजाला ठीक असेल, स्पेसिफिकेशनला नाही. पहिल्यात टेन्साइल किमान ५०० मेगापास्कल आणि लांबण ७ टक्के. दुसऱ्यात टेन्साइल ६५ केएसआय, म्हणजे सुमारे ४४८ मेगापास्कल, पण लांबण १२ टक्के. एकाची पट्टी टेन्साइलमध्ये वर, दुसऱ्याची लांबणीत. ती यादी सिंकमधून काढून टाकली. ड्रॉइंगवर जे एकक आणि जो ग्रेड छापलाय तोच जाईल, आकडा एका रकान्यात आणि एकक शेजारच्या रकान्यात. वाटेत रूपांतर करायचं नाही. शिवाय ग्रेडच्या नावातल्या तिरक्या रेघेमुळे वेब पत्ता तुटायचा, म्हणून ओळख पटवायला नावाऐवजी साधा अंकी कोड ठेवला. पुढे शून्य असलेल्या पार्ट नंबरांना मजकूर म्हणूनच पाठवा. कोणीही मधे सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की ती शून्यं गेलीच.

आणखी एक मागणी सुरुवातीलाच करा: रिव्हिजन तुकड्यातुकड्याने जाऊ नये. सुरुवातीला एकेक ओळ बदलेल तशी जायची. रिव्हिजन डी चं नाव क्लाउडवर पोचलेलं, हार्डनेस नवी, केमिस्ट्री अजून जुनी, अशी काही मिनिटं असायची, आणि नेमकं त्याच वेळात कोणीतरी पार्ट उघडायचं. जुनं स्पेसिफिकेशन निदान एकसंध तरी असतं, हे अर्धवट कुठल्याच ड्रॉइंगशी जुळत नाही. आता क्वालिटीने ‘रिलीज’ केल्यावर सगळ्या ओळींचा एकच गठ्ठा जातो, तो पूर्ण उतरला तरच लागू होतो. जुनी रिव्हिजन पुसत नाही, ‘बाद’ म्हणून राहते. वर्षभराने तक्रार आली तर माल कुठल्या मर्यादेवर गेला होता हे दाखवावं लागतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. एक्सप्रेस आवृत्तीत एसक्यूएल सर्व्हर एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, त्यामुळे वेळापत्रक विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर आहे. काय बदललं हे शोधायला आधी ‘शेवटचा बदल’ची वेळ वापरायचे. क्लाउडवरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्याकडची भारतीय, मधे साडेपाच तासांचा फरक. क्लाउडवरून येणारे काही बदल त्यात चक्क निसटायचे. क्लाउडकडून वाचायची खूण आता यूटीसीतच ठेवली आहे. ईआरपीच्या बाजूला चेंज ट्रॅकिंग, म्हणजे डेटाबेसची बदल नोंदवायची सोय, चालू केलं, ते एक्सप्रेसमध्येही मिळतं. त्यात वेळेचा संबंध नाही, प्रत्येक बदलाला चढता क्रमांक.

पण त्याची एक अट कोणी सांगत नाही. चेंज ट्रॅकिंग बदलांच्या नोंदी कायम ठेवत नाही. ठरवून दिलं नाही तर दोनच दिवस. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या खोदाईत आमच्या बाजूची केबल तुटली आणि इंटरनेट त्याहून जास्त दिवस बंद राहिलं. कारखाना चालू, ईआरपी चालू, बदल होत होते. लाइन आल्यावर टूलने जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं आणि मधल्या ज्या नोंदी साफ झाल्या होत्या त्या गेल्याच नाहीत. रात्रीच्या ताडणीत फरक निघाले म्हणून सापडलं. आपला शेवटचा क्रमांक अजून वैध आहे का हे टूलने आधी विचारलं पाहिजे, आणि नसेल तर सगळं पहिल्यापासून पाठवलं पाहिजे. पुरवठादाराकडून ते करून घेतलं, मुदतही चौदा दिवस केली. मोबाइलचं राउटरही ठेवलंय. आकडे त्यावरून आरामात जातात, ड्रॉइंगच्या पीडीएफ मात्र रांगेत थांबतात.

सुरक्षेबद्दल ग्राहक विचारतात आणि विचारायलाच हवं, कारण ड्रॉइंग त्यांची आहेत. सिंक टूलचा ऑफिसात बसवलेला भाग आतून बाहेर, सुरक्षित वेबसाइट वापरतात त्या ४४३ पोर्टवरूनच बोलतो. राउटरवर बाहेरून आत यायला एकही पोर्ट उघडावा लागलेला नाही. जो पुरवठादार ‘पोर्ट फॉरवर्ड करून द्या’ म्हणेल त्याला तिथेच नको म्हणा. डेटा भारतातल्याच डेटा सेंटरमध्ये ठेवायचा पर्याय निवडला.

पुराची बाजूही आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला, तेव्हा ऑफिसातल्या सर्व्हरपर्यंत माणूस पोचणंच अवघड होतं. आता तशी वेळ आली तर ईआरपी बंद असलं तरी ‘लागू रिव्हिजन’ काय आहे हे क्वालिटीची मंडळी घरून पाहू शकतील आणि ग्राहकाला उत्तर देऊ शकतील. पैसे मंजूर होताना मालकांना हाच मुद्दा सगळ्यात जास्त पटला.

न आवडलेलं: एररचे संदेश. ‘रेकॉर्ड नाकारला’ एवढंच येतं. कुठला पार्ट, कुठला रकाना, हे लॉग उपसून शोधावं लागतं. क्वालिटीच्या माणसाला ते जमत नाही आणि जमायची अपेक्षाही धरू नये. मदतीचा फोन उचलतात, पण दुसऱ्या पाळीत कोणी नसतं, आणि आमच्या बऱ्याचशा हीट दुसऱ्या-तिसऱ्या पाळीतच टॅप होतात, म्हणजे भट्टीतून काढल्या जातात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोजकेच पार्ट करणारं वर्कशॉप असेल तर हे सगळं नको. एक नीट ठेवलेली एक्सेल आणि ती बदलायचा अधिकार असलेला एकच माणूस पुरतो. पार्ट शेकड्यांत असतील, ग्राहक रिव्हिजन वारंवार बदलत असतील आणि विक्री-क्वालिटी वेगवेगळ्या जागी बसत असतील, तर मात्र घ्या. पहिला महिना एकाच ग्राहकाचे पार्ट चालवा, आणि रात्रीची ताडणी पहिल्या दिवसापासून लावा.

आमच्याकडे आता गोकुळ शिरगावच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना त्यांच्यापुरती हार्डनेसची मर्यादा क्लाउडवर दाखवायचं काम सुरू आहे. त्यांना फक्त ‘लागू’ दिसेल, ‘आलेली’ दिसणार नाही, एवढं क्वालिटीने आधीच लिहून घेतलंय.