हायड्रॉक्सियुरिया की जीन-दुरुस्ती?

राजारामपुरीतल्या वहिनींनी परवा भाच्याचा रिपोर्ट पुढे सरकवला. सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार), एचबीएफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन जेमतेम ४ टक्के. "भावजी, रोजच्या गोळ्यांपेक्षा ते जीन बदलायचंच बघू या का? शेत काढू विकायला."

रोजची गोळी म्हणजे हायड्रॉक्सियुरिया आणि जीन-दुरुस्ती, दोन्हींचा मुख्य रोख एकच, हे गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवणं. ते पुरेसं असलं की लाल पेशी सहसा विळ्यासारख्या वाकत नाहीत. जन्मानंतर बीसीएल११ए हे जनुक ते दाबून टाकतं. कॅसजेव्ही या जीन-दुरुस्तीच्या उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी काढतात आणि क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने हा ब्रेक फक्त लाल पेशींपुरता सैल करतात. २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजुरी मिळाली. चाचणीत ३१ पैकी २९ जणांना सलग वर्षभर तरी वेदनांचा तीव्र झटका आला नाही. भारीच! पण अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. शेत काय, अख्खी गल्ली विकली तरी पुरायची नाही. वर बुसल्फान या औषधाची केमो, कित्येक आठवडे दवाखाना, पुढे मूल होण्याचीही धास्ती.

हायड्रॉक्सियुरिया त्यामानाने स्वस्त. रोज घ्यायची, अधूनमधून रक्तपेशी मोजायच्या. सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, आणि सोडली की गुण ओसरतो.

भाच्याने ती अजून धड सुरूच केलेली नाही, त्यामुळे आधी कॅप्सूलच. नेमाने घेऊनही वारंवार ॲडमिट व्हावं लागणाऱ्यांनी दुसऱ्या वाटेची चौकशी करावी.